पिशवीबाहेरचे दुखणे : प्रस्तावना

चारठाण्यासारख्या गावी, जेथे यादवकालीन देवळांचे कोरीव दगड वाटेवर आणि बारवेच्या काठी आजही दिसतात, वैद्यकीचा व्यवसाय करणाऱ्या माणसाला प्रथम रोग्याची भाषा शिकावी लागते. आणि ती शिकताना जो शब्द माझ्या कानी सर्वांत अधिक वेळा पडला व ज्याने मला सर्वांत अधिक काळ अस्वस्थ ठेवले, तो ‘पिशवी’ हा होय. गर्भाशय हा शब्द येथे पुस्तकातच राहतो. पिशवीला सूज आहे, पिशवी खराब झाली आहे, पिशवी तपासून द्या, पिशवी काढून टाका. स्त्रीच्या ओटीपोटातील प्रत्येक दुःखाचा दावा याच एका अवयवावर गुदरला जातो, आणि पुष्कळदा पुरावा न पाहताच निकालही त्याच्याविरुद्ध लागतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी एक सासू आपल्या चोवीस वर्षांच्या सुनेला घेऊन माझ्याकडे आली. “डाक्टरसाहेब, हिला दर पाळीला असंच व्हतंय बगा. लगीन झाल्यावर थांबंल म्हणली व्हती तिची माय, न्हाई थांबलं. लेकरू झाल्यावर थांबंल म्हणावं, तर लेकरूच ऱ्हाईना. आता समदे म्हणतेत, पिशवीच काढा.” मी सुनेला विचारले, हे केव्हापासून? खाली पाहतच ती म्हणाली, “सातवीत व्हते तव्हापासून.” दहा-बारा वर्षे दर महिन्याला तीन-चार दिवस आडवी पडणारी ती मुलगी या काळात कोणाच्याही दप्तरी रोगी म्हणून रुजू झालेली नव्हती. मीही त्या दिवशी तिला वेदनाशामक गोळ्यांची पुडी देऊन पुढच्या महिन्यात यावयास सांगितले; त्याहून अधिक काही माझ्यापाशी नव्हते, हे आज कबूल करताना मला खेद होतो. पुढे शहरात दुर्बिणीतून तिचे पोट तपासले गेले, तेव्हा डाव्या बीजांडकोशावर जुन्या रक्ताने भरलेली, वितळलेल्या चॉकलेटच्या रंगाची गाठ निघाली, आतडे गर्भाशयाच्या पाठीशी चिकटलेले आढळले, आणि ज्या पिशवीला शिक्षा व्हावयाची होती ती जवळजवळ निर्दोष ठरली. प्रस्तुत ग्रंथाचा आरंभ त्या दिवसापासून धरावयास हरकत नाही.

या व्याधीला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. गर्भाशयाच्या आतील बाजूस जो मऊ अंतःस्तर असतो, जो दर महिन्यास वाढतो व गर्भ न राहिल्यास गळून पडतो, त्यासारखीच ऊती गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजांडकोशावर, उदरपोकळीच्या पातळ अस्तरावर, गर्भाशय व गुदाशय यांमधील खोलगट जागेत, क्वचित मूत्राशयावर किंवा फुप्फुसाच्या आवरणापर्यंतही रुजते. तेथेही ती मासिक चक्राच्या हुकमास प्रतिसाद देते, आणि तिच्या रक्ताला बाहेर पडण्यास वाट नसल्यामुळे भोवती दाह, व्रण आणि चिकट पट्टे उत्पन्न होतात. प्रजननवयातील सुमारे दहा टक्के, म्हणजे जगात एकोणीस कोटींच्या आसपास स्त्रियांना हा विकार असावा असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि लक्षणांच्या प्रारंभापासून निदानापर्यंत चारपासून बारा वर्षे जातात असेही तीच संघटना नोंदवते. त्या सुनेची बारा वर्षे म्हणजे केवळ मराठवाड्याचे मागासलेपण नव्हे, हे वाचून मला समाधान वाटावयास हवे होते. ते वाटले नाही.

हा विषय आमच्या भागात निव्वळ शास्त्रीय कुतूहलाचा का राहू शकत नाही, हे येथेच सांगितले पाहिजे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयांवरील शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी समितीपुढे जी पाहणी आली तीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे दर सहा स्त्रियांमागे एक. यांतील किती जणींना एंडोमेट्रिओसिस होता हे त्या आकड्यांवरून कळत नाही, आणि तसा दावा मी करणार नाही. परंतु ज्या व्यवस्थेत पाळीच्या दिवसांत काम बुडाले की खाडा पडतो, मुकादमाची उचल अंगावर असते, आणि फडाजवळ ना न्हाणीघर असते ना पाणी, त्या व्यवस्थेत ‘पिशवी काढणे’ हा उपचार न राहता मजुरीच्या हिशेबातील एक कलम होऊन बसतो. परभणी जिल्ह्यातूनही कोयत्याच्या टोळ्या जातात. ज्या स्त्रीची कळ पिशवीबाहेर रुजलेल्या ऊतीमुळे आहे, तिची पिशवी काढूनही ती कळ राहू शकते. आणि बीजांडकोशही काढले गेले, तर तिशी-पस्तिशीतच हाडांची झीज व अकाली रजोनिवृत्ती यांचे नवे दुखणे सुरू होते. तेव्हा दुखणे नेमके कोठे आहे व ते कशाच्या बळावर जगते, हा प्रश्न आमच्या गावापुरता तरी अत्यंत व्यावहारिक आहे.

पाळीच्या वेदनेचे निरीक्षण आपल्याकडे प्राचीन आहे. चरकसंहितेतील चिकित्सास्थानात जे वीस योनिव्यापद् वर्णिले आहेत, त्यांपैकी ‘उदावर्तिनी’ या प्रकारात वायूच्या ऊर्ध्वगतीमुळे रज वर लोटले जाऊन तीव्र पीडा होते व रजःस्राव मोकळा होताच स्त्रीला सुख वाटते, असे सांगितले आहे. रजाच्या ऊर्ध्वगतीची ही कल्पना आधुनिक उपपत्तीच्या इतकी जवळची वाटते की आमच्या काही मित्रांना ती वाचून हर्ष होतो. पण साम्य म्हणजे शोध नव्हे, आणि ज्यांनी शवविच्छेदन किंवा सूक्ष्मदर्शक यांच्या आधाराविना केवळ रुग्णेच्या सांगण्यावरून इतके अचूक लक्षण टिपले त्यांचा मोठेपणा त्या श्रवणात आहे. रुग्णेचे म्हणणे ऐकून घेणे ही विद्या आज अधिक दुर्मिळ झाली आहे.

सूक्ष्मदर्शकाखालील इतिहास व्हिएन्नाच्या कार्ल फॉन रोकिटान्स्की यांच्या १८६० मधील वर्णनापासून मानण्याची रीत आहे. परंतु व्याधीला आजचे नाव व सर्वांत टिकाऊ उपपत्ती दिली ती न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथील शल्यचिकित्सक जॉन सॅम्पसन यांनी. १९२१ साली त्यांनी बीजांडकोशावरील त्या चॉकलेटी गाठींचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि १९२७ पर्यंत आपला सिद्धान्त पूर्णपणे मांडला, तो असा की पाळीच्या वेळी रक्ताबरोबर अंतःस्तराचे जिवंत कण गर्भनलिकांमधून उलट दिशेने उदरपोकळीत उतरतात व तेथे रुजतात. त्याच सुमारास रॉबर्ट मायर यांच्या संप्रदायाने म्हटले की ऊती बाहेरून येत नसून उदराच्या अस्तराचेच त्या ठिकाणी रूपांतर होते. हाल्बान यांनी लसीकावाहिन्यांचा मार्ग पुढे केला. आणि भ्रूणावस्थेत मागे राहिलेल्या अवशेषांचा पक्षही कधी निकालात निघाला नाही. फुप्फुसातील एंडोमेट्रिओसिसचे स्पष्टीकरण सॅम्पसन यांच्या उपपत्तीने सहज होत नाही, तर खोलगट जागेत साचणाऱ्या व्रणांचे स्पष्टीकरण तिच्याइतके चांगले दुसऱ्या कशाने होत नाही. १९५० मध्ये बाल्टिमोर येथे टे लिंड व स्कॉट यांनी माकडिणींचे गर्भाशय अशा रीतीने फिरवले की पाळीचे रक्त उदरातच पडावे, आणि त्यांपैकी काहींना खरोखरच ही व्याधी जडली. त्यामुळे सॅम्पसन यांची बाजू बळकट झाली.

परंतु याच विजयातून उपपत्तीपुढे सर्वांत बिकट प्रश्न उभा राहिला. १९८४ साली हाल्मे व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की ज्यांच्या गर्भनलिका मोकळ्या आहेत अशा स्त्रियांपैकी नव्वद टक्क्यांच्या उदरद्रवात पाळीच्या सुमारास रक्त आढळते. म्हणजे रक्त उलट जाणे ही जवळजवळ सर्वच स्त्रियांची सामान्य अवस्था होय. मग दहापैकी नऊ जणींच्या उदरात जे बीज पडते ते दहापैकी एकीच्याच उदरात का रुजावे? आमच्या शेतकऱ्याला हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज पडत नाही. बी सारखेच पेरूनही एका वावरात उगवते व दुसऱ्यात जळते, याचे कारण तो मातीत शोधतो. विसाव्या शतकाच्या अखेरच्या वीस वर्षांत संशोधकांनीही तेच केले, आणि उदराच्या मातीत त्यांना ज्या पेशी भेटल्या त्या प्रतिकारसंस्थेच्या होत्या.

येथे थोडे मागे जाऊन परळची वाट धरावी लागते. १८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना येथे इल्या मेच्निकोव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसला आणि दुसऱ्या दिवशी त्या काट्याभोवती भक्षक पेशींनी घातलेला वेढा पाहिला. १९०८ चे नोबेल पारितोषिक पाउल एर्लिख यांच्यासमवेत त्यांना मिळाले. त्यांचे ओडेसा येथील शिष्य वाल्डेमार हाफकिन हे मुंबईतील प्लेगच्या काळात भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात लस तयार करीत होते, १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि पुढे परळच्या जुन्या गव्हर्नर-निवासात जी प्रयोगशाळा स्थिरावली तिला १९२५ साली त्यांचे नाव मिळाले. त्याच परळात आज राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था एंडोमेट्रिओसिसचा अभ्यास करीत आहे. मेच्निकोव्हच्या भक्षक पेशी आणि स्त्रीच्या ओटीपोटातील ही व्याधी यांचा संबंध शास्त्राने फार उशिरा जोडला. मुंबईच्या एका पेठेत मात्र त्या दोन विद्यांचे पत्ते कधीच एकमेकांशेजारी आले होते.

मेच्निकोव्ह यांना पेशी दिसल्या, पण त्यांचे आपसांतील बोलणे ऐकू येण्यास आणखी पाऊण शतक जावे लागले. १९५७ मध्ये इंटरफेरॉनचा शोध लागला, १९७५ मध्ये ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, म्हणजेच टीएनएफ, या द्रव्याला नाव मिळाले, आणि १९७९ मध्ये श्वेत पेशींमधील संदेशवाहक द्रव्यांना इंटरल्यूकिन म्हणावे असे ठरून त्यांना क्रमांक देण्याची पद्धत रूढ झाली. या सर्वांचे कुलनाम सायटोकाइन. एका पेशीने सोडलेले लहानसे प्रथिन दुसऱ्या पेशीच्या पृष्ठावरील ग्राहकास चिकटते, त्यामुळे पेशीच्या आत एकामागून एक प्रथिने जागी होतात, आणि अखेरीस केंद्रकातील विशिष्ट जनुके उघडतात किंवा मिटतात. हा झाला त्यांचा कारभार. जुन्या हैदराबाद संस्थानातील माणसाला जासूद, ताकीद आणि परवाना हे शब्द वापरून तो समजावता येतो, आणि आम्ही तसे केलेही आहे. मात्र वाचकाने एक भेद ध्यानी ठेवावा. सरकारी ताकिदीचा मजकूर कोणीही वाचला तरी तोच असतो. सायटोकाइनचा मजकूर वाचणाऱ्या पेशीगणिक बदलतो, आणि या ग्रंथाचे मर्म या एकाच वस्तुस्थितीत आहे.

प्रतिकारशास्त्राच्या दृष्टीने या व्याधीकडे पाहणाऱ्यांचे स्थूलमानाने दोन संप्रदाय झाले. पहिल्याने म्हटले की पहारा ढिला पडला आहे. १९८१ साली डमोव्स्की व सहकाऱ्यांना एंडोमेट्रिओसिस असलेल्या माकडिणींची पेशीय प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अंतःस्तराविरुद्ध मंद आढळली. १९९१ मध्ये बेल्जियममधील लूव्हेन येथील ऑस्टरलिंक यांनी दाखवले की अशा स्त्रियांच्या नैसर्गिक मारक पेशी अंतःस्तराच्या कणांना मारण्यात कमी पडतात. दुसऱ्या संप्रदायाचे म्हणणे याहून कठोर आहे : पहारेकरी झोपलेले नाहीत, ते जागे असून अतिक्रमण करणाऱ्यालाच रसद पुरवीत आहेत. या स्त्रियांच्या उदरद्रवात भक्षक पेशींची संख्या अधिक असते, त्या अधिक उद्दीपित असतात, आणि त्या द्रवात टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८ यांसारख्या द्रव्यांचे प्रमाण अनेक अभ्यासांत वाढलेले आढळले आहे. उंदरांवरील प्रयोगांत भक्षक पेशी नाहीशा केल्या की बाहेर रुजलेल्या ऊतीला रक्तवाहिन्या फुटत नाहीत व तिची वाढ खुंटते, ही गोष्ट २००९ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि माझ्या मते त्या दिवसापासून पहिल्या संप्रदायाचे म्हणणे अपुरे ठरले. ते खोटे ठरले असे मी म्हणत नाही. निकामी झालेल्या मारक पेशी आणि कामास जुंपलेल्या भक्षक पेशी एकाच उदरात सुखाने नांदू शकतात.

आता अंतःस्तराच्या पेशींकडे वळू. अंतःस्तरात ग्रंथी रेखणाऱ्या पेशी असतात आणि त्यांच्या भोवती आधार देणाऱ्या, पाठ्यपुस्तकांत ज्यांना स्ट्रोमल पेशी म्हणतात अशा पेशी असतात. आमच्या ग्रंथात त्यांना आधारपेशी म्हटले आहे. या आधारपेशी दिसावयास सामान्य, परंतु शरीरातील अत्यंत शिस्तबद्ध पेशींपैकी त्या आहेत. प्रोजेस्टेरॉनचा आधार सुटताच त्या दाहाचे द्रव्य स्वतः निर्माण करतात, श्वेत पेशींना बोलावतात, अंतःस्तर सुटतो, रक्त जाते, आणि काही दिवसांत ती जखम मागे एकही वण न ठेवता भरून येते. स्त्रीच्या आयुष्यात हे सुमारे चारशे वेळा घडते. मानवी देहात दुसरी कोणतीही जखम इतक्या नियमाने, इतक्या वेळा, व्रणरहित भरत नाही. ज्या रक्तासाठी आपण तिला बाजूला बसवीत आलो, ‘कावळा शिवला’ म्हणून स्वयंपाकघराबाहेर ठेवीत आलो, ते रक्त या अपूर्व दुरुस्तीचे अवशेष आहे, हे मला वैद्य म्हणून आणि चार मुलींचा काका म्हणून पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटते.

याच शिस्तीचा विपर्यास म्हणजे एंडोमेट्रिओसिस. प्रयोगशाळेत आधारपेशी वेगळ्या वाढवून त्यांच्यावर एकेक सायटोकाइन टाकण्याचे प्रयोग १९९० नंतर मोठ्या प्रमाणावर झाले. येल येथील आरिची यांच्या गटाने दाखवले की इंटरल्यूकिन-८ हे द्रव्य श्वेत पेशींना बोलावण्याबरोबरच अंतःस्तराच्या आधारपेशींना विभाजनाची चेतनाही देते. जपानमधील तोत्तोरी विद्यापीठातील हाराडा व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की टीएनएफच्या प्रभावाने गाठीतील आधारपेशी स्वतःच इंटरल्यूकिन-८ निर्माण करतात व त्याच्या बळावर वाढतात. म्हणजे भक्षक पेशीने दिलेल्या धोक्याच्या इशाऱ्याचा उपयोग ती पेशी खतासारखा करते. इंटरल्यूकिन-१७ हेही त्यांना इंटरल्यूकिन-८ आणि प्रोस्टाग्लँडिन निर्माण करणारे विकर तयार करण्यास उद्युक्त करते. शिवाय या पेशी असे कीमोकाइन सोडतात की ज्यांच्यामुळे आणखी भक्षक पेशी त्या जागी येतात, आणि आलेल्या पेशी पुन्हा टीएनएफ सोडतात. दाहाच्या प्रभावाखाली पेशींच्या पृष्ठावरील चिकटण्याचे एक प्रथिन सुटून द्रवात तरंगू लागते, व मारक पेशी त्यालाच पकडून बसतात. खरा अपराधी मागच्या दाराने निसटतो.

या सर्व प्रयोगांत मला सर्वांत उद्बोधक वाटला तो सॅन फ्रान्सिस्को येथील लेबोविक, टेलर व सहकाऱ्यांचा २००० सालचा. त्यांनी इंटरल्यूकिन-१ बीटा हे एकच द्रव्य दोन प्रकारच्या आधारपेशींवर टाकले : पहिल्या, निरोगी अंतःस्तरातील, दुसऱ्या, एंडोमेट्रिओसिसच्या व्रणातील. व्रणातील पेशींनी त्या संदेशाला उत्तर म्हणून रक्तवाहिन्या वाढवणारे द्रव्य निर्माण केले. निरोगी पेशींनी तसे उत्तर दिले नाही. संदेश तोच, वाचणारी पेशी वेगळी, म्हणून अर्थ वेगळा. ते वाचले तेव्हा मला माझ्या बाह्यरुग्ण विभागातील स्त्री आठवली, जिचे ‘कळ उठती’ हे दोनच शब्द नवऱ्याने आळस म्हणून, मुकादमाने खाडा म्हणून, सासूने वांझपण म्हणून आणि मी गोळ्यांची पुडी म्हणून वाचले होते.

यात संप्रेरकांचा प्रवेश झाला म्हणजे चक्र पूर्ण होते. इंटरल्यूकिन-१ आणि टीएनएफ यांमुळे प्रोस्टाग्लँडिन वाढते, आणि प्रोस्टाग्लँडिनमुळे गाठीतील आधारपेशींत अ‍ॅरोमाटेज हे विकर क्रियाशील होते. निरोगी अंतःस्तरात हे विकर जवळजवळ नसते. १९९६ मध्ये नोबल, सिंपसन व बुलन यांनी ते गाठीतील ऊतीत दाखवले तेव्हा स्त्रीरोगशास्त्रात खळबळ उडाली. अ‍ॅरोमाटेज इस्ट्रोजेन निर्माण करते, इस्ट्रोजेन पुन्हा प्रोस्टाग्लँडिन वाढवते, आणि अशा रीतीने ती ऊती बीजांडकोशाची मिंधी न राहता स्वतःची वसुली स्वतः करू लागते. एरवी या उच्छृंखलतेला लगाम घालते ते प्रोजेस्टेरॉन. परंतु दाहाच्या वातावरणात त्याचे ग्राहकच कमी होतात, म्हणून हुकूम सुटतो पण बजावला जात नाही. वैद्यकीय परिभाषेत याला प्रोजेस्टेरॉन-प्रतिरोध म्हणतात, आणि काही स्त्रियांना संप्रेरकांच्या गोळ्यांनी गुण का येत नाही याचे एक कारण यात आहे. पुढे टीजीएफ-बीटा या द्रव्याच्या प्रभावाने आधारपेशींचे दोरखंडासारख्या आकसणाऱ्या पेशींत रूपांतर होऊन घट्ट व्रण बनतो, नवे मज्जातंतू फुटतात, आणि जी वेदना पाळीपुरती होती ती बाराही महिन्यांची होते.

इतके सुंदर चक्र हाती आल्यावर ते कोठेतरी तोडावे हा मोह अनावर होणे साहजिक होते. टीएनएफला अडवणारी औषधे संधिवातासाठी उपलब्ध होतीच. बबून माकडिणींवर त्यांनी आशा दाखवली. २००८ मध्ये लूव्हेनच्या कोनिंक्स यांच्या गटाने खोलवर रुजलेल्या एंडोमेट्रिओसिसच्या स्त्रियांवर इन्फ्लिक्सिमॅब वापरून पाहिले, आणि निष्क्रिय द्रावाच्या तुलनेत वेदनेत काहीही फरक पडला नाही. हा पराभव पुष्कळ लेखक एका वाक्यात उरकतात. मला तो या क्षेत्रातील अत्यंत मोलाचा प्रयोग वाटतो, कारण त्याने दोन गोष्टी शिकवल्या : काचेच्या बशीत एका द्रव्याने घडणारी गोष्ट, शेकडो द्रव्ये एकाच वेळी बोलत असलेल्या उदरात तशीच घडेल असे नाही; आणि व्रण जुना होऊन घट्ट झाल्यावर ज्या संदेशाने तो सुरू झाला तो थांबवून भागत नाही. अशा प्रामाणिक अपयशाची नोंद प्रसिद्ध करणाऱ्यांविषयी मला आदर वाटतो.

त्यानंतरची दोन कामे वाचकाने जाणून घ्यावीत, कारण या विषयाची निकड त्यांनी वाढवली आहे. दोन्ही २०२३ सालची व जपानमधील आहेत. पहिल्यात इंटरल्यूकिन-८ ला दीर्घकाळ अडवणाऱ्या प्रतिपिंडाने माकडिणींतील व्रणांचा आकार व त्यांचा घट्टपणा कमी झाला. दुसऱ्यात नागोया येथील संशोधकांना एंडोमेट्रिओसिस असलेल्या ६४ टक्के स्त्रियांच्या अंतःस्तरात फ्यूजोबॅक्टेरियम हा जीवाणू आढळला, तर व्याधी नसलेल्या स्त्रियांत हे प्रमाण दहा टक्क्यांहून कमी होते. आणि त्यांच्या मते या जीवाणूमुळे भक्षक पेशी टीजीएफ-बीटा सोडतात व तेच आधारपेशींना आक्रमक रूप देते. उंदरांत प्रतिजैविकांनी व्रण कमी झाले. हे निष्कर्ष इतर देशांत पडताळले जाईपर्यंत कोणी आमच्या गावी प्रतिजैविकांच्या पट्ट्या वाटू लागू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्याच वर्षी आनुवंशिकतेचे जे तोवरचे सर्वांत मोठे संशोधन प्रसिद्ध झाले, त्यात ६०,६७४ रुग्णांच्या अभ्यासातून व्याधीशी संबंधित ४२ जनुकस्थाने निश्चित झाली; पण त्या स्त्रिया युरोपीय व पूर्व आशियाई वंशाच्या होत्या. आपल्या स्त्रियांचे रक्त आणि ऊती त्या दप्तरात जवळजवळ नाहीत. परळच्या संस्थेने भारतीय स्त्रियांसाठी बहुकेंद्री पाहणी हाती घेतली आहे, याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर समजते. ज्या प्रदेशात अशक्तपणा सार्वत्रिक आहे, बाळंतपणे लहान वयात होतात आणि ओटीपोटातील क्षय आजही आढळतो व दुर्बिणीतून तो एंडोमेट्रिओसिससारखा दिसून निदान चुकवू शकतो, त्या प्रदेशातील उदरात हे जासूद काय बोलत असतील, हे लूव्हेन किंवा नागोया आपल्याला सांगू शकणार नाहीत.

प्रस्तुत ग्रंथाचा हेतू मर्यादित आहे. परिचारिका, आशा कार्यकर्त्या, तालुक्याच्या ठिकाणी काम करणारे डॉक्टर, विज्ञानाचे विद्यार्थी आणि ज्यांना हे दुखणे आहे अशा स्त्रिया यांना या क्षेत्राचा नकाशा मराठीत मिळावा, एवढीच आमची मनीषा. म्हणून आम्ही द्रव्यांची यादी देण्याऐवजी एकेका पेशीला केंद्रस्थानी ठेवून तिच्याकडे येणारे व तिच्याकडून जाणारे संदेश सांगितले आहेत, आणि जेथे दोन संप्रदायांत मतभेद आहे तेथे तो मतभेद मिटवण्याचा खटाटोप केलेला नाही. उपचारांची माहिती आहे, पण औषधांचे प्रमाण नाही. ते ठरवण्याचा अधिकार समोर बसलेल्या डॉक्टरचा. परिभाषेबाबत आम्ही बराच काळ वाद घातला. सायटोकाइनला संस्कृत प्रतिशब्द घडवण्याचे दोन-तीन प्रयत्न झाले व ते सर्वच वाचताना अडखळायला झाले, म्हणून मूळ शब्द ठेवून ‘दूतप्रथिन’ हा समजुतीचा शब्द सोबत योजला.

छपाईपूर्वी हस्तलिखिताची काही प्रकरणे आम्ही श्रावणात देवळाच्या ओवरीत गावातील बायकांना वाचून दाखवली. त्यांत ती सूनही होती. तिच्यावरील शस्त्रक्रियेला आता बरीच वर्षे लोटली आहेत, गोळ्या चालू आहेत, आणि पिशवी तिच्यापाशीच आहे. मी वाचत असता तिने मला मध्येच थांबवले. “साहेब, तुमी सारकं येदना येदना लिवलंय. येदना म्हंजी कसं, कुनाला बी व्हती. ह्याला कळ म्हणा. ती उठती, आन् बसाया जागा देत न्हाई.” आम्ही त्या रात्री सर्व प्रकरणे पुन्हा काढली, आणि शास्त्रीय नावांचा अपवाद सोडून जेथे जेथे ‘वेदना’ होते तेथे तेथे ‘कळ’ केले. हा शेवटचा परिच्छेद सोडून ही प्रस्तावना तेवढी त्याआधी लिहून झाली होती, म्हणून तीत जुना शब्द काही ठिकाणी राहिला आहे.

चारठाणा, ता. जिंतूर, जि. परभणी